निंबाखालचा भारत

ऋषिकेशचा फोन आला तेव्हा दामिनी नागपुरात धरमपेठेतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला लग्नपत्रिकांचे नमुने दाखवत होती. ऋषिकेश तिचा शाळासोबती. आता लहानमोठी बांधकामं घ्यायचा. एरवी नवीन वर्षाला आणि वाढदिवसाला तेवढा फोन करणारा माणूस, म्हणून तिने उचलला.

"दामिनी, एक सांगाचं होतं. तू रागावशील."

"सांग ना गा."

"आपल्या शाळेच्या मैदानावर सिमेंटचे गट्टू टाकाचं काम मले भेटलं. समोरचं पूर्ण मैदान. निंबाखालचा नकाशा मधात येऊन राहिला."

"मधात येऊन राहिला म्हणजे?"

"तोडावा लागते."

दामिनीने हातातली पत्रिका खाली ठेवली. "मी येईपर्यंत हात लावू नको," ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक समोर आहे हेही विसरून फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.

शाळा मौद्याच्या अलीकडे, कन्हान नदीच्या काठच्या गावातली. मैदानात कडूनिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत सिमेंटचा भारत. बैलगाडीएवढा लांब, उत्तरेला हिमालय गुडघ्याएवढा, दक्षिणेला टोक निमुळतं. नद्या कोरलेल्या. हिमालयात घागर ओतली की गंगा वाहत बंगालपर्यंत जायची. दामिनीच्या दहावीच्या वर्गाने शालिकराम हटवार सरांच्या देखरेखीखाली तो बांधला होता. तीस वर्षं उलटली त्या गोष्टीला.

संध्याकाळपर्यंत शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकच गदारोळ उडाला. जुने फोटो निघाले. नकाशावर बसून डबा खाणारी, दोन वेण्यांची दामिनी त्यात होती. कुणी लिहिलं, आपलं बालपण तोडतात हे. प्रेमिलाने, म्हणजे वर्गाच्या तेव्हाच्या मॉनिटरने, येत्या रविवारी सगळ्यांनी शाळेत जमायचं फर्मान काढलं. सरांनाही आणायचं, सर बोलले तर कोण हात लावेल? सरांना आणायचं काम दामिनीकडे आलं.

त्या रात्री ती जेवताना नवऱ्याला त्याच गोष्टी सांगत राहिली.

खरं तर त्या सिमेंटच्या आधी मातीचा भारत होता. दरवर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की हटवार सर म्हणायचे, उद्या येताना प्रत्येकाने आपापल्या घरची माती आणायची. दामिनीच्या शेतातली काळी, ओली केली की बोटाला चिकटणारी. ऋषिकेशचं घर नदीला लागून, तो रेती आणि गाळ आणायचा. टेकडीकडची मुलं मुरूम आणायची, कुणी पोतंभर गोटे. पुस्तक मिटलेलंच राही. सर उमरेडच्या विणकराच्या घरचे, लहानपणी मागावर बसलेले. त्यांची बोटं बारीक आणि भराभर चालणारी. ती मातीत गेली की पठार वर यायचं, दरी खाली जायची. काळी माती दख्खनवर, गाळ गंगेच्या मैदानात, रेती राजस्थानात, गोटे हिमालयात. उत्तर दिशा खऱ्या उत्तरेला. प्रत्येकाच्या वाट्याला एक नदी.

दामिनीच्या वाट्याला नर्मदा आली होती. तिने विंध्य आणि सातपुड्याच्या मधून छान सरळ चर काढला, अमरकंटकावर उभं राहून तांब्याने पाणी ओतलं, आणि पाणी चर सोडून थेट उत्तरेला, गंगेच्या मैदानात गेलं. सगळा वर्ग हसला. तिने पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सर तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. "पाण्याले कोणी सांगितलं का वं, तिकडे जा म्हणून?"

"नाही सर."

"मंग त्याच्याशी काहून भांडतेस? त्याले जिकडे उतार दिसला तिकडे गेलं. जमिनीकडे पाहा. वरून नाही, पालथी पड."

ती युनिफॉर्मसकट मातीत पालथी पडली आणि गाल जमिनीला लावून पाहिलं. तेव्हा तिला दिसलं. तिचा विंध्य नुसता रेषेपुरता होता, आणि चराची पश्चिमेकडची बाजू चढाची होती. तिने विंध्य उचलला, पश्चिमेकडची माती खरवडली. मग पाणी हळूहळू, गढूळ होत, वळणं घेत खंबायतच्या आखातापर्यंत गेलं आणि रेतीत जिरलं. आईने घरी युनिफॉर्म पाहून पाठीत धपाटा घातला. पण नर्मदा पश्चिमेला जाते हे तिला पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

ऋषिकेशच्या वाट्याला गोदावरी होती. तो नाशिकजवळ उभा राहून म्हणाला होता, "सर, इथून समुद्र हातभर आहे. मंग ही येडी इतक्या दूर तिकडच्या समुद्रात काहून जाते?" सरांनी त्याचं बोट धरून सह्याद्रीच्या भिंतीवरून फिरवलं आणि मग पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या पठारावरून. "जवळ आहे, पण मधात भिंत आहे," ते म्हणाले. "आणि तू हसू नको. तुझ्या घरामागची कन्हान वैनगंगेत जाते, वैनगंगा पुढे हिलेच भेटते. तू सकाळी तोंड धुतलेलं पाणीही तिकडच्याच समुद्रात जाते."

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली की त्या जागी एक ओबडधोबड उंचवटा उरलेला असे, त्यावर गवत. दिवाळीनंतर नव्या वर्गाची नवी माती. पण दामिनीच्या वर्गाला ते सहन होईना. आपण केलेला देश पावसात जाणार या कल्पनेनेच मुली रडल्या. ऋषिकेशचे वडील गवंडी होते, त्यांनी सिमेंट द्यायचं कबूल केलं. सर दोन-तीन दिवस नाही म्हणत राहिले आणि मग हो म्हणाले. निरोप समारंभाच्या आधी भारत पक्का झाला होता.

शुक्रवारी दुपारी दामिनी नागपूरच्याच महाल भागात सरांकडे गेली. गल्लीत खाली पतंगांचं दुकान, संक्रांतीच्या तयारीने भरलेलं, आणि त्याच्यावर दोन खोल्यांत सर आणि त्यांची बायको, वच्छलाकाकू. सर आता ऐंशीच्या घरातले. कानात यंत्र, अंगात स्वेटर, मांडीवर संत्र्याच्या साली.

दामिनी पूर्ण वाटेत मनाशी वाक्यं जुळवत आली होती. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "सर, नकाशा तोडून राहिले."

"कोणता?"

"आपला. निंबाखालचा."

सरांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "अजून आहे का तो? मले वाटलं कधीचा गेला असन."

काकूंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"काहून तोडून राहिले?" सरांनी विचारलं.

"मैदानात गट्टू टाकताहेत."

"मंग चांगलं आहे. पावसाळ्यात चिखलात पोट्टे घसरून पडत. एकाचा हातच मोडला होता."

"सर, पण तो नकाशा..." दामिनीचा आवाज चढला. "आम्ही सगळे रविवारी जाणार आहोत. तुम्ही नुसते आलात तरी थांबेल. ऋषीचंच काम आहे."

सरांनी साली गोळा करून काकूंच्या हातात दिल्या आणि पाय खाली सोडले.

"तुम्ही पास होऊन गेले दामिनी, मी तिथेच होतो. रिटायर होईपर्यंत. दर दिवाळीनंतर नवे पोट्टे येत, त्या भारताभोवती गोल उभे राहत आणि हात मागे बांधत. तयार देश. नर्मदा बरोबर पश्चिमेले, गोदावरी बरोबर पूर्वेले. कोणाचं पाणी चुकत नव्हतं, त्याच्यानं कोणी काही विचारत नव्हतं. एका वर्षी मी म्हटलं, बाजूले मातीचा करू. तर म्हणे, सर, हा आहे ना."

"मग तुम्ही बांधू कशाला दिला?"

"तुम्ही रडून राहिले होते," सर म्हणाले. एवढंच.

खालून पतंगवाल्याचं गाणं वाजत होतं. दामिनी पेला हातात धरून बसली. तीसहून अधिक वर्षं ती त्या नकाशाची गोष्ट सांगत आली होती, नवऱ्याला, मुलीला, दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा. आमच्या वर्गाने शाळेला काय देऊन ठेवलं त्याची गोष्ट. आपल्या मागून आलेल्या मुलांच्या हाताला माती लागली की नाही, हे तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

"रविवारी किती वाजता निघतेस?" सरांनी विचारलं. "मले ने."

"थांबवायला येता?"

"थांबवाले नाही वं. पाहाले."

"जाऊन कराचं काय?" काकू आतून म्हणाल्या. "गुडघे सांगून राहिले का, जा म्हणून?" पण रविवारी सकाळी दामिनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली तेव्हा त्यांनीच सरांच्या डोक्याला मफलर बांधला आणि काठी हातात दिली.

शाळेजवळ धानाची कापणी झालेली, शेताच्या बांध्यांतून खुंट उभे, आणि दूर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा पांढरा धूर. मैदानाच्या अर्ध्या भागात मुरूम दाबून झाला होता. एका बाजूला गट्टूंचे ढीग. फाटकापाशी ओळीने गाड्या लागल्या होत्या. प्रेमिलाने झेंडूचे हार आणले होते आणि नकाशाभोवती रांगोळी काढून ठेवली होती. दहा-पंधराजण जमलेले, बायका ठेवणीतल्या साड्यांत. सरांना पाहून सगळे पाया पडायला धावले.

सर काठी टेकत नकाशाभोवती फिरले. हिमालय बसून बसून गुळगुळीत झाला होता. केरळ कुणाच्या तरी क्रिकेटमध्ये उडालं होतं. निंबाचं एक मूळ खालून वर आलं होतं आणि त्याने नागपूरपासून पार दक्षिणेपर्यंत देश उभा चिरला होता. नद्यांचा निळा रंग गेला होता. आत सुकलेल्या निंबोळ्या.

ऋषिकेश पुढे आला. पोट सुटलेला, केस विरळ झालेला, पण सरांसमोर अजून तसाच अंग चोरून उभा राहणारा. "सर, मी सत्यवती मॅडमसोबत बोललो," तो म्हणाला. सत्यवती मॅडम म्हणजे आताच्या मुख्याध्यापिका, त्याही शेजारीच उभ्या होत्या. "त्या हो म्हणतात. एवढी जागा सोडून देऊ, भोवती रेलिंग लावू, रंग मारू. बोर्डही लावू, कोणत्या बॅचनं बांधला त्याचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमिलाने डोळे पुसले. ज्याच्यासाठी आलो ते इतक्या सहज झालं म्हणून कुणी सेल्फीसाठी गोळा होऊ लागलं.

सरांनी दामिनीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, वर्गात उत्तर कुणाला येतं हे ठाऊक असलेला मास्तर पाहतो तसं.

दामिनीच्या समोर तिची नर्मदा होती. विंध्याच्या कडेला तिच्या अंगठ्याचा ठसा सिमेंटमध्ये उमटलेला होता, तो कुठे आहे हे तिला इथूनही सांगता आलं असतं. रेलिंग लावली की तो ठसा राहिला असता.

"तोड गा ऋषी," ती म्हणाली.

"काय?"

"तोडून टाक. रेलिंग लावशील तर पोट्ट्यांले त्याच्यावर बसताही येणार नाही."

गलका झाला. प्रेमिला तर तिच्यावर धावूनच आली, "तुले झालं काय वं?" दामिनीने सरांनी महालात सांगितलेलं जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. अडखळत सांगितलं, मधे थांबत. ऋषिकेशने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली.

सिमेंट फोडायचा ब्रेकर सुरू झाला तेव्हा दामिनीने तोंड फिरवलं आणि वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे पाहत राहिली. तो आवाज दातांत घुसत होता. बाजूला कुणीतरी हुंदका दिला. ती प्रेमिला नव्हती, ऋषिकेशच होता.

मग मशीन थांबलं आणि एक मजूर म्हणाला, "साहेब, खाली पाहा."

सिमेंटच्या पोपड्याखाली माती होती. त्यांचीच. सिमेंट वर चढवताना कुणी ती काढली नव्हती. इतकी वर्षं झाकलेली, ओलसर. दख्खनच्या जागी काळी, वरती करडा गाळ, बाजूला रेतीचा पट्टा, आणि त्यात गांडुळं. दामिनी खाली बसली आणि तिने काळी माती मुठीत घेतली. ती ज्या शेतातली होती ते बाबांनी विकलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मूठ दाबली तर माती बोटांना चिकटली.

दहावीच्या मुलींचा रविवारचा जादा तास होता. आवाजाने त्या व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. सरांनी काठीने एकीला बोलावलं. सडपातळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी, नाव हर्षा.

"यंदा दहावीले भूगोलात काय आहे वं?"

"ब्राझील, सर. भारत आणि ब्राझील."

"ब्राझील?" सरांच्या भुवया वर गेल्या. "ते मी कधी नीट शिकवलंच नाही. दोन ओळी असत. सांग बरं मले."

हर्षाने हात मागे बांधले आणि एका दमात सुरू केलं, "ब्राझीलचा बहुतेक भाग उच्चभूमी, पठारं आणि लहान पर्वतांनी व्यापलेला..."

"पाठ नको," सर म्हणाले. "ही माती आहे. डोंगर कुठे ठेवू ते सांग."

हर्षाने हात सोडले. ती मातीकडे आणि सरांकडे पाहत राहिली, आणि मग पुस्तक आणायला पळाली.

माती घमेल्यांनी शाळेच्या मागे नेली, हापशीजवळ, जिथे गट्टू येणार नव्हते. ऋषिकेशने बाह्या वर केल्या. मजुरांना त्याने बिडी प्यायला पाठवलं आणि घमेलं स्वतः उचललं. सत्यवती मॅडमनी खुर्ची आणली, पण सर कसेबसे जमिनीवरच बसले. मुली सुरुवातीला बोटांच्या टोकांनी माती धरत होत्या. थोड्या वेळाने कोपरापर्यंत भरल्या. प्रेमिलाने एकदा आपल्या साडीकडे पाहिलं, नाक मुरडलं, निऱ्या खोचल्या आणि उत्तरेला गियानाची उच्चभूमी करायला बसली.

पश्चिमेला, ब्राझीलच्या बाहेर, विटा रचून अँडीज केला. दक्षिणेला आणि मधे मोठं पठार. पूर्वेला समुद्राकडे एकदम तुटलेला कडा. "याले अजस्र कडा म्हणतात," हर्षा म्हणाली. एका मुलीने समुद्राच्या बाजूने ओंजळीतलं पाणी पावसासारखं शिंपडलं. थेंब कड्यावर आदळले आणि मागची माती कोरडीच राहिली. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. "म्हणजे म्हणून तिथे अवर्षण आहे!" एकजण ओरडली.

ऋषिकेश त्या कड्यामागून एक नदी कोरत होता. पुस्तकातला नकाशा पाहून तो थांबला. "सर, हे पाहा. समुद्राच्या जवळ उगम, आणि पाठ फिरवून पार आत चालली. ही तर आपल्या गोदावरीवानीच येडी आहे."

"मंग!" सर इतक्या मोठ्यांदा हसले की त्यांना खोकला लागला.

शेवटी ॲमेझॉन. हर्षाने विटांच्या पायथ्याशी बादली रिकामी केली. पाणी थोडं पुढे आलं आणि थांबलं. मग दोन्ही बाजूंना पसरायला लागलं. सपाट मैदानभर तळं झालं, आणि त्यातून एक बारीक धार कशीबशी पूर्वेकडे सरकत राहिली.

"चुकलं," मुली म्हणाल्या. ऋषिकेशने फावडं उचललं. "थांबा, मी थोडा उतार देतो."

"नको!" हर्षा म्हणाली. ती पालथी पडली नव्हती, पण गुडघ्यांवर ओणवून गाल मातीजवळ नेला होता. "तिथे खरंच उतार नाही, सर. फार कमी आहे, असंच दिलं आहे पुस्तकात. म्हणूनच तर..." ती थांबली. "म्हणूनच तर ते पाणी इतकं पसरते."

सरांनी डोळे बारीक करून त्या पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं. "हे मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पाहाले मजा आली."

निघताना सत्यवती मॅडमनी ऋषिकेशला सांगितलं, हापशीमागचा हा पट्टा कायमचा मोकळाच ठेवा, कधी मंजूर झालं तरी इथे गट्टू नकोत. प्रेमिलाने उरलेले हार मुलींच्या गळ्यात घातले.

परतताना सर पुढच्या सीटवर बसले होते, मफलर मांडीवर, नखांत माती. ऊन कलतं होतं. दामिनीने बऱ्याच वर्षांचा एक प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही समुद्र पाहिला आहे?"

"एकदा. नोकरी लागल्यावर, तुझ्या काकूले घेऊन पुरीले गेलो होतो. मी तिले सांगत होतो, हे आपल्याच गावचं पाणी आहे, वैनगंगेतून, गोदावरीतून याच समुद्रात येते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. आणि तेवढ्यात लाट आली अन् तिची एक चप्पल घेऊन गेली." ते काचेबाहेर पाहत हसत राहिले. "अनवाणी फिरली बिचारी पूर्ण दिवस. रागानं माझ्यासंग बोलली नाही. पण माझा हात काही सोडला नाही तिनं."

महालात पोचले तेव्हा काकू दारातच होत्या. सरांच्या पायजम्याचे गुडघे, स्वेटरच्या बाह्या, मफलर, सगळं मातीत. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कोठी लोळून आले?"

"ब्राझीलमध्ये," सर म्हणाले. "आणि येताना दामिनीले तुझ्या चपलेची गोष्ट सांगितली."

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं. "नवीन होती ती," त्या दामिनीला म्हणाल्या, "सीताबर्डीवरून घेतली होती. लाल पट्ट्याची." आणि सरांच्या पायातले बूट काढायला खाली वाकल्या.